आमच्या गॅरेजमधलं गारुम

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. अमेरिकेतल्या गॅरेजसारखं असतं ते. 'सध्या इथे ठेवू, मग बघू' म्हणत माणूस एकेक वस्तू आत ठेवत जातो आणि एक दिवस बघतो, तर गाडी बाहेर बर्फात!

मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी शेवटची कधी गेली ते मला आठवत नाही. तिथे लोखंडी तिवईत उभा केलेला एक अँफोरा आहे, म्हणजे जुन्या रोमन घाटाचा मातीचा रांजण. दोन कान, अरुंद गळा, टोकदार बूड, माझ्या कमरेइतका उंच. शेजारी मिठात मुरणाऱ्या बांगड्यांची जाड बरणी आहे. भोवती चार फोल्डिंग खुर्च्या. पाचवी घडी करून भिंतीला टेकवून ठेवली आहे.

हा सगळा पसारा सुहासचा. सुहास माझा नवरा. गेल्या मार्चमध्ये तो गेला. हार्ट.

चार खुर्च्या मात्र अजून दर शनिवारी भरतात. आमचे देवधर, प्रधान काका, शेजारचा बिल आणि मी. बरणी ढवळायची, चहा प्यायचा, सुहासच्या गोष्टी सांगायच्या. आमची मुलगी ईरा ॲरिझोनात चँडलरला असते, कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत. तिला मी उन्हाळ्यात सांगून टाकलं, बाबाचं ते बरणीतलं एकदा तयार होऊ दे. अँफोऱ्यात भरलं की घर विकायला काढू आणि मी तुझ्याकडे येते. तिने ते पक्कं धरलं. मीही पक्कंच म्हटलं होतं.

म्हणजे ते झालं की शनिवार संपले. हे सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही.

*

सुहास पॅकेजिंग इंजिनिअर होता. डेट्रॉइटच्या आसपास गाड्या बनवणारे मराठी लोक पुष्कळ. त्या गाड्यांचे भाग ज्या खोक्यांतून येतात ती खोकी बनवणारा आमच्या ओळखीत हा एकटाच. पार्टीत कोणी विचारलं, "तू गाडीत नक्की काय करतोस?" की तो म्हणायचा, "बंपर पोहोचवतो. न खरचटता!"

ईरा शाळेत असताना तिच्या प्रोजेक्टसाठी आम्ही एका म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे त्याने पहिला अँफोरा बघितला. पाच मिनिटं नुसता उभा राहिला. मग सरळ फरशीवर आडवा झाला आणि खालून बघायला लागला.

गार्ड धावत आला. "सर, आर यू ओके?"

"मी ओके आहे," सुहास पडल्या पडल्या म्हणाला. "पण हे भांडं उभं राहत नाही!"

गार्डने भांड्याकडे बघितलं, सुहासकडे बघितलं. "सर, दोन हजार वर्षं झाली. आता कंपनीला फोन करून उपयोग नाही."

घरी येताना गाडीत मात्र सुहास एकटाच बोलत होता. ते टोक म्हणजे तिसरा कान! दोन कान वर धरायला, तिसरा खाली, ओतताना उचलायला. आणि जहाजात रचताना वरच्या थराची टोकं खालच्या थराच्या खांद्यांमध्ये बसतात. जराही जागा वाया नाही!

हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. ईराच्या जन्माच्या वेळीही इतके आले नव्हते.

*

मग त्याने कम्युनिटी सेंटरमध्ये पॉटरीचा क्लास लावला. बाकीचे लोक कॉफीचे मग करत होते. टीचरने याला विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" हा म्हणाला, "शिपिंग कंटेनर."

पहिला अँफोरा भट्टीतून निघाला त्या शनिवारी सुहासने सगळ्यांना बोलावलं. भांडं टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं, टेबलावर आडवं ठेवलं, टॉवेल काढला. मध्ये फुगलेलं, एका बाजूला कललेलं, वर एकच कान शिल्लक.

प्रधान काका आमच्यातले सर्वांत जुने. आमच्यापैकी निम्मे जन्मले नव्हते तेव्हा ते मिशिगनला आलेले. युरॉलॉजिस्ट, आता रिटायर्ड. त्यांनी चष्मा पुसला, वाकून नीट तपासलं आणि सुहासच्या पाठीवर हात ठेवला.

"सुहास, मी आयुष्यभर रोज हेच बघितलंय रे. याला अँफोरा नाही म्हणत. प्रोस्टेट म्हणतात."

थोडं थांबून म्हणाले, "आणि वाढलंय!"

बरेच महिने गेले, तेव्हा कुठे आत्ताचा, सरळ अंगाचा अँफोरा जमला. तो उभा कसा करायचा हा प्रश्न होताच. बिल कारखान्यात साचे बनवायचा. तो बोलतो कमी. एका सकाळी आमच्या दारात लोखंडी तिवई दिसली. अँफोरा तिच्यात असा बसला की जणू त्या दोघांची मापं एकाच दिवशी घेतली होती. सुहास आभार मानायला गेला तर बिल म्हणाला, "ते भांडं आडवं पडलेलं बघवत नव्हतं."

*

भांडं झालं. आता ते भरायला हवं! सुहासला रिकामा डबा बघवत नसे. तो प्रोफेशनचा दोष.

रोमन लोक अँफोऱ्यांतून दारू पाठवायचे, ऑलिव्हचं तेल पाठवायचे आणि गारुम पाठवायचे. गारुम म्हणजे माशांचा सॉस. आतड्यांसकट मासे मिठात घालायचे, कित्येक महिने उन्हात मुरवायचे, वर जो तांबूस रस येतो तो गाळून भरायचा. स्पेनच्या किनाऱ्यावरून तो थेट ब्रिटनमधल्या सैनिकांपर्यंत जायचा. तळाशी उरलेला चोथासुद्धा स्वस्तात विकला जायचा.

"म्हणजे रस साहेबाला आणि चोथा शिपायाला," प्रधान काका म्हणाले. "बरीच प्रगती केली आपण!"

सुहासने ठरवलं, गारुमच करायचं. बांगडे मिळाले, मीठ मिळालं. ऊन कुठून आणणार? मिशिगन आहे हे. मग कोणीतरी त्याला सांगितलं की सरडे, साप पाळणारे लोक त्यांच्या खाली ऊब देणारी मॅट ठेवतात. गेला पेट स्टोअरमध्ये. काउंटरवरच्या मुलीने प्रेमाने विचारलं, "कुठला प्राणी आहे तुमचा?"

"बांगडा."

"ओ! किती वर्षांचा आहे?"

"मेलेला आहे," सुहास म्हणाला. "पण त्याला थंडी चालत नाही."

*

देवधरांबद्दल सांगायलाच हवं. पुण्याचे, सुहासच्याच कंपनीत क्वालिटीला. घरात अंडं शिजत नाही. केकसुद्धा डब्यावरचं वाचून खातात. हा माणूस माशांच्या बरणीपाशी काय करतो, असं मी एकदा विचारलं.

"वहिनी, मी प्रोसेस बघतो. प्रॉडक्ट नाही."

बागकामाचे हातमोजे घालून ते ढवळायचे, थर्मामीटर लावायचे, भिंतीवरच्या तक्त्यावर टेंपरेचर लिहायचे. आणि घरी गेले की त्यांच्या बायकोच्या हुकमाने कपडे गॅरेजमध्येच बदलायचे. जानेवारीतसुद्धा!

पहिला प्रयत्न वाया गेला तो सुहासच्या घाईमुळे. रोमन लोक मासे मोठ्या हौदात मुरवत आणि तयार झालेला रसच अँफोऱ्यात भरत. याने मासे सरळ अँफोऱ्यातच घातले. त्यातून बिनझिलईचं मातीचं भांडं, आतून राळ लावलेली नाही. आपला माठ जसा पाझरतो तसा तो अँफोरा पाझरायला लागला. फक्त, यातून येत होतं ते पाणी नव्हतं.

समोरच्या घरात नवीन राहायला आलेल्या बाईंनी गॅस कंपनीला फोन केला. युनिफॉर्ममधला माणूस मीटर घेऊन आला. घराभोवती फिरला, गॅरेजमध्ये शिरला आणि उलट्या पावली बाहेर आला.

"सर, गॅस लीक नाही. पण इथे काहीतरी मेलंय."

"हो," सुहास म्हणाला. "आम्हीच घातलंय."

तो माणूस पायरीवर बसला, सुहासने त्याला अख्खा रोमन व्यापार समजावून सांगितला. जाताना त्याने विचारलं, "बाटलीत भरलंत की मला एक ठेवाल का?" त्याचं कार्ड अजून आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे.

मग बिलने टर्की तळायच्या भांड्यात पाइनची राळ वितळवली आणि अँफोऱ्याला आतून लावली. आणि त्याच्या आजीची, कोबी खारवायची जाड बरणी आणून दिली. "हौद," एवढंच म्हणाला.

*

दुसऱ्या प्रयत्नात मीठ बरोबर होतं, ऊब बरोबर होती, बरणी बरोबर होती. तरी काही आठवड्यांनी सगळं पिवळं व्हायला लागलं आणि वर जांभळट तवंग आला. सुहासने सगळे ग्रंथ उपसले. जांभळ्या गारुमचा उल्लेख कुठेच नव्हता.

देवधरांनी मीटिंग लावली. क्वालिटीवाल्यांची एक पद्धत असते. बिघाडाची कारणं शोधताना ते फळ्यावर माशाचा सांगाडा काढतात, डोक्यात बिघाड लिहितात आणि एकेका काट्यावर एकेक कारण. देवधर आयुष्यभर कंपनीत हा सांगाडा काढत आले. तो माशासाठी काढायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"मटेरियल," देवधरांनी पहिला काटा काढला. "मासे?"

"ताजे," सुहास म्हणाला.

"मशीन? मॅट?"

"चालू."

"माणूस. बरणीला कोणी हात लावला?"

प्रधान काका छताकडे बघत होते.

"काका?"

"हे बघ," काका म्हणाले, "सीकेपी माणसासमोर उघडा मासा ठेवायचा आणि मग चौकशी लावायची, हे बरोबर नाही."

"काय घातलंत?"

"थोडी हळद."

"आणि?"

"चार आमसुलं. बरं, सहा. अरे, हात आपोआप गेला!"

सुहास इतका हसला की त्याला खुर्चीतून उठता येईना. देवधर हसले नाहीत. त्यांनी 'माणूस' या काट्यापुढे स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'प्रधान काका'. मग त्या दिवसापासून बरणीवर झाकण, झाकणावर वीट आणि काकांची खुर्ची तीन फूट मागे.

*

इथल्या मराठी मंडळात सुहासचं भाषण ठेवलं होतं. शाळेच्या कॅफेटेरियात, साबुदाणा खिचडी आणि बटाटेवडे यांच्या मध्ये. तो स्लाइड्स दाखवून सांगत होता की अँफोऱ्यांची खापरं आपल्या देशातही सापडली आहेत, दक्षिणेतल्या बंदरांपर्यंत. त्यातल्या काहींतून गारुम आलं होतं. अँफोऱ्याच्या गळ्यावर शाईने लिहिलेलं असायचं, आत काय आहे, किती जुनं आहे, कुणाचं आहे.

मागून एक काकू उठल्या. मालवणच्या. "म्हणजे रोमचे लोक आमच्याकडे मासे पाठवत होते? आमच्याकडे?"

सगळा हॉल हसला. सुहास गडबडला. "तसं नाही काकू, व्यापार होता, मागणी असेल..."

"कोण मागवील? आम्हांला काय कमी होतं?"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून प्रधान काका उभे राहिले. "तुमच्यासाठी नव्हतं ते! तिकडून धंद्याला आलेला एखादा पोरगा असणार. इथलं जेवण घशाखाली उतरेना म्हणून त्याच्या आईने घरचा सॉस पाठवला. गळ्यावर नाव लिहून." मग हॉलकडे वळून म्हणाले, "तुमच्या बॅगेतून मेतकूट कोणासाठी येतं? अमेरिकेला मेतकुटाची मागणी आहे म्हणून?"

हसू थांबलं. कोणीतरी नाक ओढलं. मालवणच्या काकू खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मग बरोबर आहे."

घरी आल्यावर सुहासने स्वयंपाकघरातला मसाल्याचा जुना डबा खाली काढला. त्याच्या आईच्या अक्षरातली 'गोडा मसाला' ही चिठ्ठी त्या डब्यावरून आम्ही कधी काढली नव्हती. तो मसाला केव्हाच संपलेला होता.

*

आत्ता मुरतंय ते तिसरं. गेल्या वर्षी मे महिन्यात सुहासनेच लावलं.

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ झालं. तारांवर बर्फ जमून वीज गेली. घरात हीटिंग बंद. मी कोट, टोपी, मोज्यांचे दोन जोड घालून पांघरुणात. बिलने त्याचा जनरेटर काढला आणि वायर आमच्याकडे टाकली. एकच वायर. फर्नेस त्यावर चालणार नव्हता, एखादा छोटा हीटर फार तर.

मी म्हटलं, "बरं झालं! बेडरूममध्ये लाव."

सुहास दारात घुटमळला. "अंजू, तू कोट घालू शकतेस."

"म्हणजे?"

"बांगडे नाही घालू शकत."

तेवढ्यात देवधर निसरड्या रस्त्यावरून गाडी हळूहळू चालवत आले. मला वाटलं, आमची काळजी वाटली. त्यांनी दारातच विचारलं, "वहिनी, टेंपरेचर किती आहे?"

"घरात खूपच कमी आहे हो."

"घरात नाही."

शेवटी मीच खुर्ची घेऊन गॅरेजमध्ये जाऊन बसले. त्या सगळ्या घरात तेवढीच जागा उबदार होती. ईराची जुनी स्लीपिंग बॅग बरणीला गुंडाळलेली, सुहास माझ्या शेजारी, आणि आम्ही दोघं मेणबत्तीच्या उजेडात ब्रेड खात बसलो. ईराने फोन केला. "आई, आर यू गाइज वॉर्म?" सुहासने बरणीला हात लावून बघितला आणि म्हणाला, "एकदम!"

ते आमचं शेवटचं बाहेरचं जेवण, असं मी गमतीने म्हणते.

*

सुहास गेल्यावर पहिल्या शनिवारी घर माणसांनी भरलेलं होतं. ईरा होती, मंडळाच्या बायका होत्या, कोणी वरणभात आणलेला. मी नुसती बसले होते. नेहमीच्या वेळेला गॅरेजचं दार वर जाण्याचा आवाज आला. कोणाला काही कळेना. मी उठले.

देवधर हातमोजे घालून ढवळत होते. बिल वीट हातात धरून उभा होता. प्रधान काका त्यांच्या खुर्चीत, तीन फूट मागे.

देवधर माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, प्रोसेस मध्येच थांबवता येत नाही."

मी चहा टाकला.

*

गेल्या महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, ईरा आली. वीकेंडला मुद्दाम, कारण सोमवारी घर बघायला एजंट येणार होता.

शनिवारी बिल लवकर आला. त्याने अँफोऱ्याच्या गळ्याच्या मापाचं स्टीलचं फनेल घडवून आणलं होतं. ते त्याने खोक्यातून काढलं. प्रधान काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. देवधरांनी थर्मामीटर बाहेर काढून पुसून ठेवलं. पहिल्यांदाच तक्त्यावर काही लिहिलं नाही.

वीट काढली. झाकण काढलं.

काटे आणि चोथा खाली बसला होता आणि वर रस होता, स्वच्छ, चहाच्या रंगाचा, खालचे काटे दिसतील इतका नितळ. वास कुजल्यासारखा अजिबात नव्हता. भरतीच्या वेळी खाडीवरून येतो तसा होता. सुहासच्या पुस्तकात लिहिलं होतं, अगदी तसं.

"वॉव," ईरा हळूच म्हणाली. "बाबा ॲक्च्युअली डिड इट."

मी अँफोऱ्याकडे बघत होते. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. कुठेतरी बघायला हवंच होतं.

"चला," प्रधान काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "कोणीतरी चव बघायला हवी. आणि इथे लायक माणूस एकच आहे." त्यांनी बोट पुढे केलं.

"थांबा काका," देवधर म्हणाले.

त्यांनी उजव्या हाताचा हातमोजा काढला. नीट घडी करून खिशात ठेवला. बरणीत बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

देवधरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठच तेवढं होतं त्यात. त्यांनी गिळलं.

"कच्चं आहे," ते म्हणाले.

"काय?" काका ओरडले. "तुला काय कळतं रे वरणभात्या! जन्मात कधी खाल्लंयस?"

"क्वालिटी मी बघतो, काका. कच्चं आहे. बराच वेळ लागेल."

बिलने फनेल हातात धरूनच ईराला विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

ईराने बरणीकडे बघितलं. मग खुर्च्यांकडे. मग बराच वेळ माझ्याकडे.

"नॉट येट, बिल," ती म्हणाली. "ही सेज नॉट येट."

बिलने मान हलवली. फनेल खोक्यात ठेवलं आणि झाकण उचललं.

"अरे थांब, थांब!" प्रधान काका वाकले. बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"खरंय," ते म्हणाले. "कच्चंच आहे."

आणि परत बोट बुडवलं.